काही त्रास?

लातूरच्या ज्या रुग्णालयात माझी केमोथेरपी झाली, तिथल्या डे-केअर वॉर्डात सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टर फिरायचे. प्रत्येक खुर्चीपाशी थांबून विचारायचे, “काही त्रास?” उत्तरं ठरलेली असायची. “नाही साहेब.” “बरंय.” “चालायचंच.” डॉक्टर पुढे सरकले की हीच माणसं शेजारच्याला खरं सांगायची. चार दिवस झाले, पोट साफ नाही. तोंड आलंय, वरण गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं. रात्री हाडं ठणकतात, झोप नाही. सहा महिने मी हे ऐकलं. गाठ, रिपोर्ट, स्टेज, योजना, पैसे याबद्दल सगळे मोकळेपणी बोलायचे. उपचारामुळे होणारा त्रास मात्र शेजारच्या खुर्चीपलीकडे जात नव्हता.

हा लेख त्या त्रासाबद्दल आहे.

मी नांदेडची. दहावीनंतर हजारो मुलं येतात तशी २०१५ साली ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला आले. अकरावीचं वर्ष संपत होतं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते हेच शहर. मेडिकलला नंबर लागला नाही. एम.एस्सी. केलं आणि इथेच नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायला लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती. रात्री उशी भिजायची, पण मे महिन्यात लातुरात कोणाची भिजत नाही? एका खासगी दवाखान्यात टीबी म्हणून औषधं सुरू झाली. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची, एवढाच फरक दोन महिन्यांत दिसला. शेवटी गाठ पूर्ण काढून तपासायला पाठवली आणि रिपोर्ट आला : हॉजकिन लिम्फोमा. लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरनं १८३२ साली वर्णन केलेला, लसिका ग्रंथींचा कॅन्सर. तरुण वयात होतो आणि बहुतेक तरुण रुग्ण उपचारांनी बरे होतात. मी २४ वर्षांची होते.

आमच्या घरात जुनी माणसं ‘कॅन्सर’ म्हणत नाहीत. ‘बार्शीला नेलंय’ म्हणतात, किंवा ‘टाटाला नेलंय’. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. म्हणजे आसपासच्या खेड्यापाड्यांत कोणाला कुठला कॅन्सर झाला हे लिहून ठेवायला तेव्हाच सुरुवात झाली होती. घरात तो शब्द उच्चारायला आम्हाला २०२३ उजाडलं. माझ्या वेळी आत्यानं फोनवर आईला विचारलं, “कुठं न्यायलेत मग तिला?” आई म्हणाली, “लातूरलाच.” आत्याला ते पटलं नाही. इतका मोठा आजार आणि इतक्या जवळ?

पेट स्कॅनसाठी हैदराबादला जाऊन आलो. स्टेज तीन. दर १५ दिवसांनी एक असे १२ डोस ठरले. पहिला ७ सप्टेंबरला, गुरुवारी.

*

या उपचाराचं नाव एबीव्हीडी. चार औषधांची आद्याक्षरं. १९७० च्या दशकात इटलीत मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी ही चौकडी जुळवली. ए म्हणजे अॅड्रियामायसिन, लालभडक. दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीही लालसर. बी म्हणजे ब्लिओमायसिन. त्या संध्याकाळी थंडी वाजून ताप आणि पुढे फुप्फुसांना धोका. डी म्हणजे डकार्बाझिन. उजेड चालत नाही म्हणून पिशवीला झाकण घालून लावतात, शिरेतून जाताना आग होते आणि सगळ्यात जास्त मळमळ याचीच.

आणि व्ही म्हणजे विनब्लास्टिन. हे सदाफुलीतून येतं.

हो, तीच. नांदेडला आमच्या ओसरीपुढे आहे, लातूरच्या घरमालकीण काकूंकडे तुटक्या बादलीत आहे, पाण्याचा टँकर आठ दिवस आला नाही तरी फुलते ती सदाफुली. मूळची मादागास्करची. १९५० च्या दशकात जमैकातून तिची पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली, कारण तिकडे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. उंदरांना अर्क दिला. साखर काही उतरली नाही. उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानं उतरल्या. मधुमेहाचं औषध शोधणाऱ्याच्या दृष्टीनं हा दुष्परिणाम होता. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्याचाच पाठपुरावा केला. पांढऱ्या पेशी मारणारी वस्तू पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल, असा तो हिशेब. १९५८ मध्ये त्यांनी विनब्लास्टिन वेगळं काढलं.

पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे असतात, स्पिंडल फायबर्स. मी दरवर्षी फळ्यावर काढते. विनब्लास्टिन हे धागे तयारच होऊ देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. पण कोणती पेशी कॅन्सरची आणि कोणती केसाच्या मुळाची, हे औषधाला कळत नाही. भराभर विभागणाऱ्या सगळ्याच पेशी यातल्या कुठल्या ना कुठल्या औषधाच्या तडाख्यात सापडतात : केसांची मुळं, तोंडातली आणि आतड्यातली त्वचा, हाडांतला मगज. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातले आकडे पडतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचा पुंजका दिसला तेव्हा मी तो मुठीत घेऊन बराच वेळ बसले.

आत्यानं सदाफुलीच्या पानांचा रस पाठवून दिला. “त्यातूनच औषध निघतं ना? मग थेटच घे.” तिचा तर्क अगदी चुकीचा नव्हता. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, पानांत इतरही विषारी द्रव्यं असतात आणि माझा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेला आहे, हे मी तिला सांगितलं. बाटली कुंडीत ओतली. आत्या आठ दिवस बोलली नाही.

*

दोन आठवड्यांचं एक कॅलेंडर तयार झालं. पहिले तीन दिवस मळमळ. ती उलटीपेक्षा वाईट, कारण तिला शेवट नसतो. उलटीच्या गोळ्यांनी उलटी थांबते आणि पोटही थांबतं. चौथ्या दिवशी बद्धकोष्ठ. पाचव्या दिवशी तोंडात लोखंडाची चव. स्टीलचा चमचा नको वाटायचा, हातानंच खायचे. शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्यावर वाढलेली मी दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागले, तीही फुंकून फुंकून. सहाव्या-सातव्या दिवशी तोंड यायचं. दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला. बाराव्या दिवशी भूक लागायची, मी माणसात यायचे, क्लासमध्ये एखादं लेक्चर घ्यायचे. पंधराव्या दिवशी पुन्हा गुरुवार.

यात ज्यांची कुठल्या फाइलमध्ये नोंद नाही अशा गोष्टी खूप होत्या. उलट्यांच्या दिवसांत नळाला पाणी नसणं. डकार्बाझिननं हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक होणं. खाजवलं तिथे तपकिरी रेघा उमटणं, त्या ब्लिओमायसिनच्या. आणि वासावरून चिडणं : आईनं फोडणी घातली की मी ओरडायचे, ती कढई घेऊन काकूंच्या मागच्या अंगणात जायची.

एक गोष्ट मात्र लातूर-नांदेडनं सोपी केली. इथे उन्हाळ्यात स्कूटीवर निघालेली प्रत्येक मुलगी डोकं-तोंड स्कार्फमध्ये गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवते. टक्कल, मास्क, भुवया गेलेल्या; मी स्कार्फ बांधला की कोणालाच वेगळी दिसायचे नाही. अशोक हॉटेल चौकातून मी अशीच जायचे.

*

गुरुवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत अहमदपूर तालुक्यातल्या एक मावशी असायच्या. त्यांना स्तनाचा कॅन्सर. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. डॉक्टरांना त्यांचं उत्तर एकच, “बरंय.”

ऑक्टोबरमध्ये एकदा त्या बाथरूमला जाऊन आल्या आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या एका पायात चप्पल नाही. ती कॉरिडॉरमध्ये पडली होती. त्यांना कळलंच नव्हतं. विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. पंधरा दिवसांपासून पावलं बधिर आहेत. ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, सून लावून देते. परवा तव्याला बोट टेकलं, वास आल्यावर समजलं.

पॅक्लिटॅक्सेलनं हातापायांच्या नसांना इजा होते, ही माहीत असलेली गोष्ट आहे. वेळेत सांगितलं तर डोस कमी करता येतो, थांबवता येतो. मी म्हटलं, सांगा. त्या नाही म्हणाल्या. मग मी त्यांच्यादेखतच सिस्टरला चपलेची गोष्ट सांगितली.

मावशी रागावल्या. “तू कशाला सांगितलंस माय? सुई बंद केली म्हणजे?”

‘सोशिकपणा’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच्या आत काय असतं ते मला तेव्हा दिसलं. मावशींना दुखणं सहन करण्याची हौस नव्हती. त्यांचा हिशेब होता. त्रास सांगितला तर औषध कमी करतील. औषध कमी झालं तर गाठ वाढेल. आणखी तपासण्या लिहून देतील. त्यासाठी मुलाला अजून एक दिवस यावं लागेल आणि घरी सोयाबीन काढायला आलंय, मजूर मिळत नाहीत. गप्प बसणं त्यांना सगळ्यात स्वस्त पडत होतं. शिवाय त्रास म्हणजे औषध लागू पडतंय, जेवढं भोगावं तेवढं बरं, हाही एक समज वॉर्डात होताच.

डॉक्टरांनी त्यांच्या बोटांना कापूस लावून पाहिला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, पुढचा डोस कमी केला. सिस्टरनं मागून पट्टा असलेल्या सँडल घ्यायला सांगितल्या आणि तव्याला हात लावायचा नाही म्हणून सुनेला दम दिला. उपचार बंद झाला नाही. पुढच्या गुरुवारी मावशी नव्या सँडल घालून आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी अर्धं संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं.

*

एक त्रास असा आहे की तो सहन करणं म्हणजे जिवाशी खेळ. ताप.

पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. पहिल्याच दिवशी सिस्टरनं मला वहीत लिहायला लावलं होतं : १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र असो की दिवस, दवाखाना. सकाळची वाट बघायची नाही. आपल्या मनानं गोळी घ्यायची नाही.

१५ ऑक्टोबरला घटस्थापना होती, मी नांदेडला घरी होते. तिसऱ्या डोसचा दहावा दिवस. रात्री एकला थंडी वाजून जाग आली. थर्मामीटर : १०१.२. आई दिवसभराच्या उपवासानं थकलेली. ती म्हणाली, “क्रोसिन घे, सकाळी बघू.” तिचं चुकत नव्हतं, आमच्या घरात गेली पन्नास वर्षं तापाचं हेच केलं गेलं. मी वही उघडून दाखवली. पप्पांनी गाडी काढली. डॉक्टर्स लेनमधल्या एका रुग्णालयात पोचेपर्यंत मला नीट उभं राहता येत नव्हतं. रक्त काढलं, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. पाच दिवस राहिले, त्यामुळे चौथा डोस चार दिवस पुढे गेला. त्यानंतरचे पुन्हा जुन्या तारखांवर आणले. तिकडच्या डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं की सकाळपर्यंत थांबला असतात तर आपण वेगळ्या वॉर्डात बोलत असतो. पप्पांनी घरी जाताना आणखी दोन थर्मामीटर घेतले. एक नांदेडला, एक लातूरला, एक माझ्या पर्समध्ये.

त्या वहीत मी पुढे सगळंच लिहू लागले. तारीख, डोसनंतरचा कितवा दिवस, काय होतंय. ‘अशक्तपणा’ असं लिहून काही कळत नाही, हे शिक्षक असल्यामुळे लवकर समजलं. म्हणून जे मोजता येईल ते. किती वेळा उलटी. किती तास झोप. कोणतं काम जमलं नाही. आमचा क्लास तिसऱ्या मजल्यावर आहे, ४८ पायऱ्या. सहाव्या डोसनंतर मी लिहिलं : ‘दोनदा थांबले. कोरडा खोकला, कफ नाही, चार दिवस.’

डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. फुप्फुसांची तपासणी झाली आणि त्यांनी ब्लिओमायसिन बंद केलं. मला मावशींसारखीच भीती वाटली : चारातलं एक कमी, मग आजाराचं काय? त्यांनी समजावलं. चौथ्या डोसनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ होता. आणि अशा रुग्णांत ब्लिओमायसिन वगळून उरलेली तीनच औषधं दिली तरी निकाल जवळपास तसाच राहतो, फुप्फुसं वाचतात, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलेलं होतं. खोकला हळूहळू गेला.

नंतर वाचताना मला न्यूयॉर्कमधला एक अभ्यास सापडला. तिथल्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ईथन बॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीची देखभाल. दुसऱ्या गटानं आपले त्रास स्वतः नियमितपणे कॉम्प्युटरवर नोंदवायचे. काही वाढलं की नर्सला निरोप जाणार. औषधं त्याच प्रकारची. २०१७ मध्ये निकाल आला : नेहमीच्या गटात मध्यमान आयुष्य २६ महिने, त्रास नोंदवणाऱ्या गटात ३१.२ महिने. पाच महिन्यांचा फरक, नुसतं सांगितल्यामुळे. अर्थात, सांगितल्यावर ऐकणारं कोणीतरी होतं म्हणून. आमच्या वॉर्डात एका सिस्टरकडे बारा-पंधरा खुर्च्या असायच्या. ‘बरंय’ हे उत्तर तिच्याही सोयीचं होतं, हेही खरं आहे.

*

दहावा डोस ११ जानेवारीला होता, वेळ अमावस्येला. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो. शहर ओस, वॉर्डात आम्ही चौघंच. दुपारी मावशींचा मुलगा मोटारसायकलवरून डबा घेऊन आला : भज्जी, बाजरीचे उंडे आणि बाटलीत आंबील. मावशींच्या सुया नोव्हेंबरमध्येच संपल्या होत्या. सिस्टरनं आंबील बाजूला ठेवली. तुझे आकडे कमी आहेत, आंबवलेलं नको. भज्जी गरम करून दिली. मला चव लागली नाही, पण वालाचे दाणे दाताखाली आलेले कळले. मुलाला विचारलं, पायाचं कसं? म्हणाला, “अजून बधिरच हाय, पण चप्पल कळायलीय म्हणते.”

८ फेब्रुवारी २०२४ ला माझा बारावा डोस झाला. त्यानंतरचा स्कॅन स्वच्छ. लोक म्हणतात, सुटलीस. आजारातून सुटले हे खरं. पण बोटांच्या टोकांना थंडीत मुंग्या येतात. डाव्या हाताची शीर अजून रक्त देत नाही. वर्गात बोलता बोलता एखादा शब्द निसटतो, मुलं तो पुरवतात. अॅड्रियामायसिनचा आयुष्यभराचा कोटा असतो, त्यातला बराच वापरून झालाय; म्हणून हृदयाची तपासणी ठरावीक काळानं करावी लागते. स्थळं येतात तेव्हा आई हे सगळं सांगू नको म्हणते. मी सांगते. एक स्थळ परत गेलं. दुसऱ्यानं विचारलं, मुंग्या रोज येतात की फक्त थंडीत? तो मुलगा मला बरा वाटला. पुढे काय होईल ते बघू.

मागच्या महिन्यात उदगीरच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. “मॅम, सोमवारी मम्मीची पहिली केमो. सोबत काय नेऊ?” मी लिहिलं : थर्मामीटर, दोनशे पानी वही, पेन, घरचं उकळलेलं पाणी, पुढे बटणं असलेला सैल ब्लाऊज, वॉर्डाचा रात्रीचा फोन नंबर कागदावर, मोबाइल बंद पडतो. नारळपाणी, फळांचे रस हे पाहुणे आणतीलच.

आठवड्यानं पुन्हा मेसेज. “मम्मी म्हणते काहीच त्रास नाही. पण मॅम, तिनं चहा सोडलाय. तीस वर्षांत पहिल्यांदा.”

मी उत्तर पाठवलं, “कधीपासून? तारीख टाकून लिही आणि डॉक्टरांना तेच वाचून दाखव.”